विश्लेषण : अवकाशातून खनिजांचा माग काढता येईल, असा आग्रह धरणारे विल्यम पेकोरा कोण होते?

अमेरिकेचा ‘ईआरटीएस-१’ हा उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात झेपावला. पुढे ‘लँडसॅट-१’ या नावाने तो ओळखला गेला. जमिनीवरील साधनसंपत्तीच्या पाहणीसाठी नागरी उपग्रह हवा, म्हणून झगडलेले भूवैज्ञानिक विल्यम पेकोरा मात्र ते पाहायला नव्हते. चारच दिवस आधी, १९ जुलैला त्यांचे निधन झाले होते.

हातोडी घेऊन हिंडलेला माणूस

पेकोरा यांचा जन्म १९१३ मध्ये न्यू जर्सीत, इटलीहून आलेल्या कुटुंबात झाला. शिक्षण प्रिन्स्टन आणि हार्वर्डमध्ये. तलवारबाजीत ते इतके तरबेज होते, की १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघातून उतरले. १९३९ मध्ये ते अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत, म्हणजे ‘यूएसजीएस’मध्ये रुजू झाले. ब्राझीलमधील निकेलचे साठे, मोंटानातील बेअरपॉ डोंगर असा प्रत्यक्ष खडकांवर फिरून त्यांनी अभ्यास केला. एखाद्या प्रदेशाचा भूशास्त्रीय नकाशा पायी फिरून करायला किती वर्षे जातात, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

विरोध कोणाचा होता?

१९६५ मध्ये पेकोरा संस्थेचे संचालक झाले. सप्टेंबर १९६६ मध्ये त्यांच्या खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी थेट ‘इरॉस’ या उपग्रह कार्यक्रमाची घोषणा करून टाकली. त्यामागे पेकोरा यांचा जोर होता. ‘नासा’ला ही घाई रुचली नाही. उंचावरून उडणाऱ्या विमानांनी हेच काम स्वस्तात होईल, असा अर्थसंकल्प पाहणाऱ्यांचा सूर होता. हेरगिरी उपग्रहांची गुपिते फुटतील, ही संरक्षण खात्याची धास्ती. शिवाय दुसऱ्या देशांची छायाचित्रे परवानगीविना कशी घ्यायची, हा प्रश्न होताच. पेकोरा यांच्या खात्याला स्वतःचा उपग्रह काही मिळाला नाही. पण या दबावामुळे ‘नासा’ने तो बांधायला घेतला. डाव पूर्ण जिंकला नसला, तरी हवे ते पदरात पडले.

खडक अवकाशातून कसा ओळखतात?

प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातील काही रंग शोषते, काही परत पाठवते. लोखंडाचा गंज चढलेला खडक लाल प्रकाश जास्त परावर्तित करतो, हिरवा कमी. जमिनीखालून आलेल्या उष्ण पाण्याने खडक बदलतो, तिथे अनेकदा असा गंज आणि चिकणमाती दिसते. सोने, तांबे अशा जागी सापडू शकते. लँडसॅट-१ चा मुख्य स्कॅनर चार वर्णपट्ट्यांत, सुमारे ८० मीटर बारकाव्याने पाहत असे. एका पट्ट्यातील प्रकाशाला दुसऱ्याने भागले, की उतार व सावलीचा परिणाम बराच कमी होतो आणि खडकातला फरक उठून दिसतो. नेवाडातील गोल्डफिल्ड भागात लॉरेन्स रोवन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिले.

अर्थात उपग्रह खाण दाखवत नाही. कुठे आधी जायचे, एवढेच सांगतो. दाट झाडी असेल तर तेही अवघड. आणि चिकणमातीची खूण २.२ मायक्रॉनजवळ असते, तर पहिल्या स्कॅनरची नजर १.१ वरच थांबे. भूवैज्ञानिकांच्या आग्रहावरून तो पट्टा १९८२ च्या लँडसॅट-४ मध्ये आला.

पेकोरा यांचे नाव एका खनिजालाही आहे. ‘पेकोराइट’ हे हिरवे खनिज ऑस्ट्रेलियातील वुल्फ क्रीक उल्काविवरात सापडले. त्यातला मुख्य धातू निकेल आहे, ज्याच्या शोधात ते ब्राझीलमध्ये हिंडले होते.