गौतमीपुत्र सातकर्णि

राजाची सत्ता त्याच्या नाण्यावरून ओळखावी. इ. स. ४७६ मध्यें रोमचें पश्चिमेकडील साम्राज्य लयास गेल्यावरहि तेथील जर्मन वंशांचे राजे आपल्या सोन्याच्या नाण्यांवर पूर्वेकडील सम्राटाचेंच मुख व नांव उठवीत राहिले. कारण व्यापारांत विश्वास त्या नांवावर होता. पुढें सहाव्या शतकांत फ्रँक राजा थ्यूडेबर्ट यानें तेथें स्वतःचें नांव घातलें. आमच्या महाराष्ट्रांत असाच एक प्रसंग त्यापूर्वीं चार शतकांहून अधिक काळ आधीं घडला होता. तो आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

गौतमीपुत्र सातकर्णि हा पैठणच्या सातवाहन कुळांतील राजा. त्याच्या पूर्वजांच्या राज्याचा पश्चिम भाग क्षहरात राजा नहपान यानें बळकाविला होता. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर यवनी धर्तीचें राजमुख असून भोंवतीं आपल्याच देशांतील भाषा ग्रीक अक्षरांत लिहिलेली असे. त्याचा जामात उषवदात मोठा दाता होता. त्याच्या नाशिक येथील लेखांत ३५ कार्षापणांस १ सुवर्ण असा दरहि नमूद आहे.

अशा संपन्न शत्रूचा गौतमीपुत्रानें पराभव केला. राज्याच्या १८ व्या वर्षीं विजयी छावणींतूनच त्यानें नाशिकच्या भिक्षूंस उषवदाताच्या ताब्यांतील २०० निवर्तनें भूमि दिली. पुढें तें गांव ओस असून शेत पडीक आहे असें कळतांच २४ व्या वर्षीं त्यानें व त्याच्या मातोश्रीनें तिच्याऐवजीं दुसरी १०० निवर्तनें दिलीं. दान नांवापुरतें राहूं नये, ही त्याची दक्षता आम्हांस विजयाइतकीच थोर वाटते.

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें चैत्य व उज्जयिनी-चिन्ह असलेली आपली मुद्रा ठोकलेली आहे. चांदी तीच राहिली, सत्ता मात्र पालटली. आणि मुद्रेखालीं जित राजाचें मुख अजूनहि पुसट दिसतें.

पुत्राच्या मागें मातोश्री गौतमी बलश्री जिवंत होती. नातू पुळुमावि याच्या १९ व्या वर्षीं तिनें नाशिकला लेणें अर्पण केलें व त्यांत आपल्या पुत्राचे गुण कोरविले.

आमच्या करवीरांतहि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्ती उघडकीस आली. पंचगंगेकांठीं फिरावयास जाणाऱ्या विद्यार्थिबंधूंनीं या राजाचें स्मरण करावें. परक्यांची विद्या खऱ्या चांदीसारखी असेल तर ती अवश्य घ्यावी. मात्र तीवर मुद्रा आपली असावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.