उत्तरे दोन, खरे कोणते?

माझी नात यंदा दहावीला आहे. परवा यवतमाळच्या घरी ती वर्गसमीकरणे सोडवीत बसली होती. मधल्या सहगुणकाचा वर्ग करायचा, उरलेल्या दोघांच्या गुणाकाराची चौपट त्यातून वजा करायची. हा विवेचक. तो धन आला तर उत्तरे दोन, शून्य आला तर एक, ऋण आला तर वास्तव उत्तरच नाही. तिचा हात झरझर चालला होता आणि मला भास्कराचार्य आठवत होते.

त्यांचा जन्म १११४ चा, सह्याद्रीच्या परिसरातला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. वर्गसमीकरणाची रीत श्रीधराचार्यांची, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही स्पष्ट सांगितले.

‘बीजगणिता’त माकडांची दोन कोडी आहेत. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला, तेवढी माकडे वनात खेळतात आणि बारा टेकडीवर दिसतात. कळप सोळांचा असेल किंवा अठ्ठेचाळिसांचा. दोन्ही उत्तरे खरी. दुसऱ्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत शिरली आणि एक बाहेर उरले. उत्तरे पन्नास आणि पाच. पण पाचाचा पाचवा भाग एक. त्यातून तीन माकडे वजा कशी होणार? व्यवहारात लोकांना असे उत्तर पटत नाही, म्हणून आचार्यांनी पाच बाजूला ठेवले.

इथे मला माझी एक चूक सलते. दारव्ह्याकडे बँकेत असताना एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या कर्जाचे हप्ते मी कागदावर बिनचूक बसवले होते. त्याच्या कोरडवाहू जमिनीला ते झेपणार का, हे पाहिले नाही. पावसाने दगा दिला आणि बैलजोडी विकून त्याने हप्ता भरला.

आचार्य एकोणसत्तराव्या वर्षीही लिहीत होते. ‘करणकुतूहल’ ११८३ चे. पुढे नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

मीही नातीला एवढेच सांगितले, की उत्तर आले म्हणून लगेच वही मिटू नकोस. पाच हे उत्तर समीकरणात चपखल बसते. ते कळपात बसत नाही.