फादर स्टीफन्स यांचं गाव कोणतं?

‘ख्रिस्तपुराण’ हा मराठीतला एक मोठा ग्रंथ आहे. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. ज्ञानेश्वरी ज्या ओवीत आहे, तीच ही ओवी. पण हा ग्रंथ लिहिला एका इंग्रज पाद्रींनी! त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स. तुमच्यासारखाच त्यांचाही जन्म महाराष्ट्रापासून खूप दूर झाला.

ते १५४९ च्या सुमारास जन्मले. १५७५ मध्ये रोमला जाऊन ते जेझुइट संघात गेले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. तिथे ते मराठी आणि कोंकणी शिकले. १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल इथे त्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६१९ मध्ये गोव्यातच ते वारले. इंग्लंडला ते परत गेलेच नाहीत.

मग त्यांचं गाव कसं शोधायचं? चला, धागे जुळवून बघू.

पहिला धागा: जुन्या नोंदींत त्यांचा भाग सॉल्झबरी धर्मप्रांत असा दिला आहे. म्हणजे शोध इंग्लंडच्या विल्टशायर परगण्याकडे वळतो.

दुसरा धागा: गावाचं नाव कुठे ‘बुल्स्टन’ असं लिहिलंय. काही पुस्तकांत तर ‘बस्टन’ हे त्यांचं आडनावच झालंय! परदेशातल्या लेखनिकाने जसं ऐकलं, तसं लिहिलं असेल.

आता विल्टशायरचा नकाशा उघडा. क्लिफ पायपर्डजवळ ‘बुश्टन’ नावाचं छोटं गाव दिसेल. हेच ते गाव, असं अभ्यासक मानतात.

चर्चच्या वहीत बघितलं तर? इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी लागे. विल्टशायरच्या अशा वह्या आता चिपनहॅमच्या अभिलेखागारात आहेत. पण इतक्या जुन्या सगळ्याच वह्या टिकत नाहीत. आणि नाव सापडलं तरी जपून! फादर स्टीफन्स यांच्या वडिलांचं नावही थॉमसच होतं.

म्हणून नुसतं नाव पुरत नाही. गावाबरोबर प्रांतही लिहिलेला होता, म्हणून हा शोध लागला.

आता तुमची पाळी. आजी-आजोबांना त्यांच्या गावाचं नाव विचारा. ‘वाडी’ आणि ‘वडी’ इंग्रजीत सारखेच दिसतात, म्हणून नाव देवनागरीतच लिहा. महाराष्ट्रात वडगाव नावाची कितीतरी गावं आहेत, म्हणून शेजारी तालुका आणि जिल्हाही लिहा. लिहून झालं, की त्यांना वाचून दाखवा आणि बरोबर आहे का ते विचारा.