जोतीराव फुले ह्यांचे कागद

मुखेड भागांतील आमच्या वाचकांस जोतीराव फुले हे मुलींची शाळा काढणारे म्हणून ठाऊक आहेत. पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत ते शिकले, हेंही कित्येकांनीं ऐकलें असेल. परंतु ते व्यापारी होते, हें थोड्यांसच माहीत आहे.

त्यांचा जन्म १८२७ सालीं माळ्याच्या घरीं झाला. १८४८ सालीं त्यांनीं शाळा काढली. पण शाळेवर पोट भरत नसे. १८६३ सालीं त्यांनीं धातूच्या ओतकामास लागणारीं साधनें पुरविण्याचा धंदा सुरू केला. पुढें सरकारी कंत्राट घेऊन पुण्याजवळील धरणाच्या कामास सामान पुरविलें, आणि मांजरी येथें शेती केली. १८८२ सालीं शिक्षण कमिशनास निवेदन देतांना त्यांनीं स्वतःस व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपालिटीचे सभासद असें म्हटलें. सरकारनें तें छापलें, म्हणून तें टिकलें.

घरांत राहिलेल्या कागदांची गोष्ट निराळी. १८५५ सालीं त्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाकारलें. ही हकीगत त्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ ह्या पुस्तकांत नमूद केली. नाटक मात्र हस्तलिखितच राहिलें. १८९० सालीं ते वारले. १९६९ सालीं त्यांचें समग्र वाङ्मय निघालें, त्यांतही तें नव्हतें! १९७९ सालीं तें प्रथम छापलें गेलें. इतकीं वर्षें तीं पानें वाळवी, उंदीर व पाऊस ह्यांपासून कोणीतरी राखलीं. त्यांचे उपकार आम्ही थोर समजतों.

समग्र वाङ्मयांत दुकानाच्या रोजकीर्दी नाहींत, ह्याची आम्हांस हळहळ वाटते. शूद्र गणलेल्या मनुष्यानें भांडवल कसें उभें केलें, गवंड्यास मजुरी काय दिली, उधारी कोणाकडे राहिली, हें त्यांतच कळलें असतें.

आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. म्हणून जुन्या पेटींत उर्दू कागद व मोडींतले हिशेब एकत्र सांपडतात. आजोबांनीं कातड्याचा किंवा किराण्याचा धंदा केला असेल, तर तीं बाडें वाचतां येत नाहींत एवढ्यावरून रद्दींत देऊं नयेत. सावलींत वारा देऊन, धुतलेल्या सुती कापडांत बांधून, तीं उंच फळीवर ठेवावीं. कोणता कागद कोणाचा, हें घरांतील वृद्ध हयात आहेत तोंच निराळ्या चिठ्ठीवर लिहून घ्यावें. जुन्या पानास शाई लावूं नये.