वादकांचे पाठीराखे : हँडेल



आपल्या वर्गातून काहीजण डॉक्टर झाले, काहीजण हार्मोनियम-तबल्यात रमले. दोघांनाही जवळचे वाटेल असे एक चरित्र या स्मरणिकेसाठी निवडले आहे. नाताळच्या सुमारास गायल्या जाणाऱ्या ‘हालेलूया’ या समूहगीतामुळे जॉर्ज फ्रेडरिक हँडेल हे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते. पण आजारी, जायबंदी आणि म्हाताऱ्या वादकांसाठी या माणसाने जे केले, ते फारसे सांगितले जात नाही.

हँडेल यांचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ रोजी जर्मनीतील हाले या गावी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. त्या काळी तिकडे दाढी करणे आणि जखमा शिवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत, त्याच परंपरेतले ते. मुलाने वकील व्हावे, गाण्याबजावण्याच्या नादी लागू नये, असे त्यांचे मत होते. पुढे एका सरदाराने या मुलाचे ऑर्गनवादन ऐकले आणि वडिलांना गळ घातली, असे चरित्रकार सांगतात. मग गावातील चर्चचे ऑर्गनवादक झाखाउ यांच्याकडे त्याची शिकवणी सुरू झाली. या गुरुजींचे ऋण हँडेल विसरले नाहीत. पुढे गुरुपत्नी अडचणीत आल्या, तेव्हा त्यांनी परदेशातून एकाहून अधिक वेळा पैसे पाठवले, अशी नोंद त्यांच्या पहिल्या चरित्रकाराने केली आहे.

हॅम्बुर्ग आणि इटली असा प्रवास करून ते १७१० मध्ये लंडनला पोहोचले आणि अखेरीस तिथेच स्थायिक झाले. १७२७ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी राजे दुसरे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकासाठी त्यांनी रचलेले संगीत आजही तिथल्या राज्याभिषेकात वाजते. दरबाराकडून त्यांना वर्षाला ६०० पौंड मिळत. शरीर आडवे-तिडवे, भूक दांडगी, स्वभाव तापट. तालमीत कोणी चुकले की त्यांचा आवाज सगळ्या नाट्यगृहात घुमत असे.

१७३७ च्या वसंतात, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचा उजवा हात अचानक लुळा पडला. बोटे हलेनात, वाजवणे बंद झाले, विचारांतही गोंधळ होऊ लागला. तो पक्षाघाताचा झटका होता, की त्या काळच्या दारूत उतरणाऱ्या शिशाचा विषार, यावर डॉक्टर मंडळी आजही वाद घालतात. त्या काळी यावर खात्रीचे औषध नव्हते. हँडेल जर्मनीतील आखेन येथील गरम पाण्याच्या कुंडांवर गेले आणि नेहमीच्या रोग्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ त्या पाण्यात बसून राहिले. काही आठवड्यांत हात सुटला. त्यांनी तिथल्या चर्चमध्ये जाऊन ऑर्गन वाजवला, तेव्हा ऐकणाऱ्या जोगिणींना तो चमत्कारच वाटला, अशी आख्यायिका आहे.

चमत्कार असो वा नसो, हिशेब मात्र समजून घेण्यासारखा आहे. परदेशी जाऊन काही आठवडे उपचार घेणे हँडेल यांना परवडले, कारण हात थांबला तरी दरबारचे पैसे थांबले नव्हते. हाच झटका त्यांच्या वाद्यवृंदातल्या एखाद्या व्हायोलिनवाल्याला आला असता, तर? तो रोजंदारीवरचा माणूस. ज्या रात्री वाजवले त्या रात्रीचे पैसे मिळणार. बोट आखडले, दात पडले, दम लागू लागला, की दुसऱ्या दिवसापासून कमाई बंद. ना पगार, ना निवृत्तिवेतन.

हे नुसते ‘तर’चे बोलणे नव्हते. किच नावाचा एक नामवंत ओबोवादक हँडेल यांच्या वाद्यवृंदात वाजवत असे. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य. या गुणी कलावंताचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि तो वारला. १७३८ च्या सुमारास फेस्टिंग, व्हायडेमान आणि व्हिन्सेंट हे तीन वादक लंडनच्या हेमार्केट भागातील एका कॉफीगृहाच्या दारात उभे होते. समोरून दोन मुले दुभत्या गाढविणी हाकत चालली होती. ती किचची मुले होती. ज्या रस्त्यावरच्या नाट्यगृहात बापाने वाजवले, त्याच रस्त्यावर मुलांवर ही वेळ आली होती.

तिघांनी इतर वादकांना गोळा केले आणि त्याच वर्षी एक निधी उभा राहिला. आजारपणाने, अपघाताने किंवा वयाने वाजवणे थांबलेल्या वादकांसाठी आणि त्यांच्या बायकामुलांसाठी हा निधी होता. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. वादकांनी धडधाकट असताना आपापली वर्गणी भरायची आणि वेळ आल्यावर त्यातून मदत घ्यायची. त्यामुळे घेणाऱ्याला हात पसरावा लागत नसे, तो आपल्याच पेटीतून घेत असे. पहिल्या सभासदांत हँडेल होते. आदल्याच वर्षी हात गमावून बसलेल्या माणसाला या पेटीची गरज कोणी समजावून सांगायला नको होती.

मात्र नुसत्या वर्गणीवर असा निधी चालत नाही. २० मार्च १७३९ रोजी हँडेल यांनी ‘अलेक्झांडर्स फीस्ट’ ही आपली रचना या निधीच्या मदतीसाठी सादर केली, पुढच्या वर्षी दुसरी रचना केली, आणि हा परिपाठ नंतरही चालू राहिला.

‘मेसाया’चा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये झाला, तोही धर्मादायच. उत्पन्न दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी यांच्यात वाटायचे होते. जास्त माणसे मावावीत म्हणून बायकांनी घेरदार घागऱ्यांतले सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती वर्तमानपत्रातून केली गेली. सुमारे ४०० पौंड जमले आणि १४२ कैदी सुटले. १७५० पासून हीच रचना लंडनच्या अनाथ बालकाश्रमासाठी वर्षानुवर्षे सादर होत राहिली.

मग दुसरा घाला पडला. १७५१ च्या फेब्रुवारीत ‘जेफ्था’ लिहीत असताना डाव्या डोळ्याने दगा दिला आणि काम थांबवावे लागले. शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. दोन वर्षांत दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. शेवटी जॉन टेलर नावाच्या फिरत्या नेत्रवैद्याकडेही ते गेले. याच टेलरने आधी बाख यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली होती, आणि दोघांपैकी एकालाही गुण आला नाही. तरीही हँडेल यांचे वादन थांबले नाही. हात धरून त्यांना ऑर्गनपाशी नेले जाई आणि ते आधी स्मरणातून, नंतर आयत्या वेळी सुचेल तसे वाजवत. वाद्यवृंद त्यांचा भाग संपण्याची वाट पाहत थांबे.

६ एप्रिल १७५९ रोजी ते ‘मेसाया’च्या प्रयोगाला शेवटचे हजर राहिले. ११ एप्रिलला, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी मृत्युपत्राला आणखी एक पुरवणी जोडली. तिच्यात वादकांच्या निधीला १,००० पौंड दिले होते. तीन दिवसांनी, १४ एप्रिलला, त्यांचे निधन झाले.

निधी मात्र वाढत गेला. १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या स्मरणार्थ भव्य संगीतोत्सव झाला, त्यातून निधीला ६,००० पौंड आणि वेस्टमिन्स्टर रुग्णालयाला १,००० पौंड मिळाले. १७९० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. रॉयल सोसायटी ऑफ म्युझिशियन्स या नावाने ती आजही चालू आहे आणि आजारी-जायबंदी वादकांच्या उपचारांना हातभार लावते.

मित्रहो, आपल्याकडेही लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचे पुढचे दात पडले की त्याचा हंगाम संपतो. ढोलकीवाल्याचा खांदा धरतो, सनईवाल्याला दमा जडतो, आणि ते दवाखान्यात येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. कारण दवाखान्यात घालवलेला दिवस म्हणजे बुडालेली सुपारी. आपल्या डॉक्टर मित्रांनी अशांची विनामूल्य तपासणी करावी आणि बाकीच्यांनी औषधांसाठी वर्षाची वर्गणी काढावी, असे मला वाटते. वाजवणाऱ्यांनीही त्यात आपल्या ऐपतीची भर घालावी, म्हणजे औषध घेताना कोणाची मान खाली जाणार नाही. मेळाव्याच्या दिवशी प्रवेशद्वारापाशी सनई-चौघडा वाजणारच आहे. तपासणीची सुरुवात त्या मंडळींपासूनच करता येईल.