डॉ. आंबेडकर : आश्रित की नागरिक?

इंदूरहून महू अगदी जवळ; सकाळी निघालेला माणूस काम आटोपून दुपारी जेवायला घरी परततो. दर १४ एप्रिलला महाराष्ट्रातून लोक गाड्या भरभरून तेथे येतात, आणि त्याच सुमारास आपल्या मराठी मंडळीतल्या घरांतही एक जुना वाद पुन्हा निघतो. कोणी वडील म्हणतात, सरकारी सवलतींनी ते लोक परावलंबी झाले; आपण बघा, सवलतींवाचून शिकलो, शिक्षक झालो, आपल्या मुली नर्स झाल्या. दुसरा म्हणतो, त्या सवलती आपल्यालाही मिळायला हव्या होत्या. तिसरा म्हणतो, राजकारण हे विश्वासणाऱ्याचे कामच नव्हे. ज्यांच्या नावाने हा वाद रंगतो त्यांचे चरित्र मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच नीट वाचलेले असते. ते थोडक्यात सांगावे, आणि विशेषतः आपल्याशी जेथे त्याचा संबंध येतो तेथे जरा थांबावे, असे मनात आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी, आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ पासून इंदूर-महू भागात काम करीत होते, म्हणजे हे बाळ जन्मले तेव्हा आपली मंडळी त्याच्या शेजारीच होती म्हणायची. महार समाजाच्या हाती अक्षर आले ते बऱ्याच अंशी या लष्करी नोकरीमुळे. पण भीमराव पाळण्यात असतानाच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून अर्ज लिहवून घेतला, असे चरित्रकार सांगतात. त्याचा उपयोग झाला नाही. सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेले सरकार एका फर्मानाने काढून घेते, हा धडा त्या घरात असा फार लवकर आला.

पुढे कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास गेले. तेथल्या शाळेतली हकीकत मुलांना ठाऊक असतेच: बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि तहान लागली तर शिपाई पाणी ओतील तेव्हाच ओंजळ धरायची. शिपाई नसला की पाणी नाही.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले, आणि १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ हार्लेम वस्तीला लागून आहे, आणि त्याच वर्षांत दक्षिणेकडून आलेले काळे लोक तेथे वस्ती करून राहू लागले होते. त्या लोकांत त्या काळी मोठा मतभेद होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे म्हणणे असे की, आधी हातात कसब आणा, पैसा जोडा, राजकीय हक्कांची घाई करू नका. डॉ. डुबॉइस यांचे म्हणणे असे की, मत आणि कायद्याचे संरक्षण नसेल तर जोडलेले कोणीही हिरावून घेईल. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८७३ सालीच आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते, तेव्हा हा धागा महाराष्ट्राला नवा नव्हता. पुढे आंबेडकरांची सारी वाट डुबॉइस यांच्या वाटेजवळून गेली. १९४६ साली अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करीत आहेत असे कळताच आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या, व डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर धाडले.

१९१७ साली ते परतले व कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी खानावळवजा घरात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी पारश्यांचा जमाव काठ्या घेऊन आला, आणि संध्याकाळपर्यंत घर सोडणे भाग पडले. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्र हळहळला, पण तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील एवढे त्याने सुचवले. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. पुढे त्यांना समजले की ते जोडपे मूळचे ब्राह्मण कुळातले. नवऱ्याचे विचार ख्रिस्ती झाल्यावर मोकळे झाले होते, पण बाईंना अस्पृश्य माणूस घरात चालला नसता. आंबेडकर सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेले.

ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गात मी ती एकदा सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, त्या ख्रिस्ती माणसाचे नाव काय? आंबेडकरांनी नाव दिलेले नाही. हकीकत लिहिली आणि माणसाला झाकले.

यानंतरचे शिक्षण, लंडनची पदवी, बॅरिस्टरी हे सर्व बाजूला ठेवून महाडला येऊ. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी घेण्यापूर्वी तेथे जी परिषद भरली, तिच्यात त्यांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारोदार शिळ्या भाकरी मागणे सोडा, शेती धरा. पुढल्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतन म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावे लागते. महाराने सरकारची आणि गावाची पडेल ती कामे रात्री-अपरात्री करायची. त्याबदली थोडी इनाम जमीन, बलुते आणि मागून आणलेली भाकर. पगार नाही, वेळ नाही, नाही म्हणायची सोय नाही. खुद्द महारांतलेच कित्येक हे वतन सोडायला राजी नव्हते, कारण ते वाडवडिलांचे होते. आंबेडकरांचे म्हणणे होते की यानेच माणसाचा कणा मोडतो व मुलांची उमेद मरते. ते वतन शेवटी १९५८ च्या कायद्याने गेले. तोवर ते वारले होते.

म्हणजे सरकारी आश्रयाचे व्यसन लावणारा हा पुढारी, असे जे म्हणतात त्यांनी हे विधेयक लक्षात घ्यावे. उपकार म्हणून मिळणारी भाकर त्यांनी नाकारायला लावली आणि प्रजाजन म्हणून जो वाटा येतो तो मागायला लावला. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, एवढीच अडचण.

१९३२ चा पुणे करार सर्वांना माहीत आहे. ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले; येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण आरंभले; २४ सप्टेंबरला तडजोड झाली. प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा १४८ झाल्या, पण निवडून देणारे मत सर्वांचे. आंबेडकरांना हे फार खुपले. बहुसंख्यांच्या मतावर निवडून येणारा माणूस आपल्या लोकांकडे पाहणार की ज्या पक्षाने उभे केले त्याच्याकडे, हा त्यांचा प्रश्न होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात त्याचे बरेच उमेदवार निवडून आले. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मात्र मुंबईतल्या राखीव जागेवर काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले आणि घटनेचा मसुदा करणारे आंबेडकर पडले. पुणे कराराविषयीची त्यांची भीती त्यांच्याच बाबतीत अशी खरी ठरली.

आता आपल्याकडे वळतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा मिशनरी, बिशप, सर्वांनी त्यांच्याकडे धाव घेतली. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे ते बोलले. ख्रिस्ताविषयी त्यांनी आदराने सांगितले. पण पुढे स्पष्टही बोलले: दक्षिणेतल्या मंडळ्यांत जात पाळली जाते, आणि समाज म्हणून ख्रिस्ती लोक सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी उठले नाहीत. महार मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, हेही त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते.

याच विषयावर त्यांनी नंतर निबंध लिहिले. त्यांतला एक विचार वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. ख्रिस्ती माणसाला शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळक मिशनचा. त्याला सरकारकडे जायची गरजच पडत नाही. सरकारकडून काही हवे असते तर त्याला आपले लोक एकत्र करावे लागले असते, शिकवावे लागले असते, त्यांची संघटना बांधावी लागली असती, कारण असंघटितांकडे कोणतेच सरकार पाहत नाही. ते करावे न लागल्यामुळे तो सार्वजनिक जीवनाच्या प्रवाहाबाहेर राहिला. आमचे आजोबा मिशन कंपाउंडमध्ये राहत. छपराची कौले फुटली तरी साहेबांना चिठ्ठी जायची. आम्ही स्वतःच्या पायांवर उभे राहिलो, असे जेव्हा घरात म्हणतात तेव्हा मला ती चिठ्ठी आठवते.

आणि विश्वासणाऱ्याने सरकारपुढे हक्क मांडू नये असे ज्यांना वाटते त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतला पौल पाहावा. फिलिप्पैत अधिकारी त्याला गुपचूप सोडू पाहत होते, तो जाईना. चौकशीवाचून रोमी माणसाला फटके मारले, आता त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह होता. पुढे यरुशलेमेत चाबूक पडण्यापूर्वी त्याने आपले रोमी नागरिकत्व सांगितले. सुवार्तेसाठी सर्व सोसणारा हा माणूस, पण नागरिकाचा हक्क त्याने टाकला नाही.

१९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा व परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मिळवल्या. घटना समितीत अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न आला तेव्हा उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी या बंगाली ख्रिस्ती गृहस्थांनी धर्मावर आधारलेल्या जागा सोडून देण्याच्या बाजूने कौल दिला, आणि १९४९ साली त्या गेल्या. अनुसूचित जातींच्या कायदेमंडळातल्या जागा दहा वर्षांपुरत्या राहिल्या; ती मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. पण १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणजे हिंदूंतल्याच, असे ठरले. महार-मांगांतून ख्रिस्ती झालेले आपले लोक त्यातून वगळले गेले. आंबेडकर त्या वेळी कायदेमंत्री होते ही गोष्ट झाकून चालणार नाही. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला.

हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांसह त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. बौद्ध झाले की केंद्राच्या सवलती जाणार हे ठाऊक असूनही माणसे आली. महाराष्ट्र सरकारने त्यांना आपल्या राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या यादीत नवबौद्ध आले ते १९९० साली, चौतीस वर्षांनी.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झोपेतच त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यविधी झाला. त्यांच्या मागे कागदांचे ढीग राहिले. आपल्या लोकांविषयीचे ते निबंध त्यांतच पडून होते. महाराष्ट्र सरकारने ते १९८९ साली त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात छापले.