भिक्खू केइचू : शब्दांच्या मुळाचा शोध

जपानी भाषेच्या इतिहासात भिक्खू केइचू यांचे स्थान असाधारण आहे. त्यांचा जन्म १६४० साली आमागासाकी येथे सामुराई कुटुंबात झाला. बालवयातच ते ओसाका येथील विहारात दाखल झाले व पुढे कोया पर्वतावर शिंगोन पंथाचे अध्ययन करू लागले. बौद्ध मंत्रांसाठी जपानमध्ये जपलेली सिद्धम् ही भारतीय लिपी त्यांनी आत्मसात केली. जपानी अक्षरमालेतील अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न हा क्रम आपल्या मुलांनाही परिचित वाटेल. तो याच विद्येचा वारसा होय.

'मान्योशू' हा सुमारे ४,५०० कवितांचा प्राचीन संग्रह. मितोचे अधिपती तोकुगावा मित्सुकुनी यांनी त्यावरील भाष्याचे काम केइचूंच्या मित्राकडे सोपविले होते. मित्र आजारी पडल्याने ते केइचूंनी स्वीकारले. आठव्या शतकातील हे लेखन ताडून पाहताना त्यांना आढळले की, पुढे उच्चाराने एकरूप झालेले शब्द पूर्वी वेगळे लिहिले जात. 'इरु' म्हणजे आत शिरणे, तर 'विरु' म्हणजे बसणे, असणे. कालौघात 'वि' झिजून दोन्ही 'इरु' झाले आणि लेखनात गोंधळ माजला.

तेव्हा लेखनाचे नियम महाकवी फुजिवारा नो तेइका यांच्या नावावर चालत. शतकानुशतके ते नाव हेच प्रमाण होते. केइचूंनी मात्र १६९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'वाजी शोरानशो' या ग्रंथात नावाऐवजी प्राचीन ग्रंथांतील दाखले पुढे ठेवले. टीका झाली, तिलाही त्यांनी लेखणीनेच उत्तर दिले. १७०१ साली ओसाका येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या तत्त्वावर उभी राहिलेली लेखनपद्धती आधुनिक जपानच्या शाळांतून १९४६ पर्यंत शिकविली गेली. तथापि इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. केइचूंच्या अक्षरतक्त्यात 'ओ' आणि 'वो' यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या मोतोओरी नोरिनागा यांनी १७७६ साली ती चूक प्राचीन काव्याच्याच पुराव्याने दुरुस्त केली. तेइकांना लावलेली कसोटी केइचूंनाही लागली, आणि त्यामुळे त्यांचे मोठेपण कमी झाले नाही. आमच्या विद्यार्थ्यांनीही शिक्षकांचा शब्द अशाच आदराने ऐकावा आणि अशाच निर्भयतेने तपासावा.